गुळांब्याची बरणी आणि मोटारीचं झाकण

आधी गुन्हा कबूल करते, मग बाकीचं सांगते. नवी सून होते तेव्हा सासरच्या मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण मी उडदाचं पीठ आणि चुना कालवून बंद केलं होतं. म्हणजे झाकण जागेवरच होतं, पण त्याच्या मधोमध एक बारीक भोक होतं, मुंगी शिरेल न शिरेल एवढं. ते मी आतून लिंपून टाकलं. का, तर मला वाटलं, मोटार बनवणाऱ्या साहेबाच्या हातून ते बुजवायचं राहिलं असावं. परमुलखात बसून ज्या माणसानं हजार सुटे भाग जुळवले, त्याला जे सुचलं नाही ते जालन्यातल्या सोळा वर्षांच्या, चार बुकं शिकलेल्या पोरीला सुचलं, अशी माझी पक्की समजूत होती. नातवंडं विचारतात, "आजी, तू तेव्हा हुशार होतीस का गं?" मी म्हणते, "होते ना, तोच तर घोळ होता."

दिवस लढाईचे होते आणि पेट्रोल कुपनावर मिळायचं. मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, कापसाचा व्यवहार होता आणि त्यासाठी ते जालना-भोकरदन रस्त्यावर सारखे फिरत. त्यांनी हैदराबादच्या एका गृहस्थाकडून जुनी मोटार घेतली होती. तिची पेट्रोलची टाकी मागं नव्हती. ती होती पुढं, इंजिन आणि समोरची काच यांच्या मधल्या जागेत. पेट्रोल तिथून आपल्याच वजनानं खाली इंजिनात उतरायचं. झाकण काचेच्या अगदी पुढ्यात. त्यामुळं ऊन तापलं की पेट्रोलचा वास थेट आत यायचा, आणि तो वास मला बिलकुल सोसायचा नाही.

पहिल्याच फेरीला मी मागच्या सीटवर, खिडक्यांच्या पडद्याआड, सासूबाईंच्या शेजारी नटून बसले होते. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. पुढं मामंजी, त्यांच्या बाजूला ड्रायव्हरचाचा. मामंजींनी उकडतं म्हणून आपला नवा फेटा काढून सीटच्या पाठीवर ठेवला होता, बांधलेला, तसाच, उलटा, टोपलीसारखा. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मला फार वाकावंसुद्धा लागलं नाही.

कुणी एक शब्द बोललं नाही. तेच तर वाईट. रागावले असते तर मी चार आसवं गाळून मोकळी झाले असते. मामंजी परत येईपर्यंत उघड्या डोक्यानं बसले आणि घरी आल्यावर आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "फेटा धुतला. रंग गेला. राहू दे."

तेव्हा मी ठरवलं, की या वासाचा बंदोबस्त करायचा.

आंब्याचे दिवस होते. घरात गुळांबा शिजत होता. माझ्या माहेरी गुळांबा गरम असतानाच बरणीत भरायचे, झाकण ठेवायचे आणि उडदाचं पीठ नि भिजवलेला चुना खलून त्याचं लुकण करून कडेनं लिंपून टाकायचे. ते वाळलं की दगड. पावसाळाभर बरणीला हवा लागायची नाही. दिवाळीला आई तव्याच्या उलथन्यानं ते फोडायची आणि झाकण उचललं की बरणी आत श्वास ओढायची, "सूंऽऽऽ" असा. आम्ही भावंडं तो आवाज ऐकायला चुलीपुढं दाटी करून बसायचो. सासरी ही रीत नव्हती. ती मी आणली होती आणि तिचा मला फार गर्व होता. एका दुपारी वाटीत थोडं लुकण उरलं. घर झोपलं होतं. मोटार अंगणात लिंबाखाली उभी होती. मी गेले, झाकण फिरवून काढलं, भोक सापडलं, चिंधीचा तुकडा लुकणात भिजवून आतल्या अंगानं चिकटवला. आतून अशासाठी, की वरून कुणाला दिसू नये. चांगलं काम गुपचूप करावं अशी मला शिकवण होती.

दुसऱ्या दिवशी मोटार कुठं जाणार नव्हती. लुकण खडखडीत वाळलं.

त्यानंतरच्या फेरीला मला उलटी झाली नाही. वास कमी झाला होता की मी तोंडात लवंग धरली होती म्हणून, कोण जाणे. मी मात्र सगळं श्रेय स्वतःला देऊन टाकलं. आणि तीन-चार मैल गेलो असू नसू, मोटार दोनदा खोकली आणि बंद पडली.

चाचा खाली उतरला. चाचा म्हणजे साठीला आलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. आधी तो मामंजींची बैलांची दमणी हाकायचा. मोटार आली तेव्हा मामंजींनी त्याला हैदराबादला पाठवून चालवायला शिकवलं. परवान्याचा कागद तो मेणकापडात गुंडाळून छातीशी ठेवायचा. त्यानं इंजिनाचं झाकण उघडलं, हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"मालक, गरम झाली. जरा दम खाऊ द्या."

आम्ही बायका उतरून लांब झाडाखाली जाऊन बसलो. चाचानं पाणी ओतलं, ओलं पोतं पसरलं. मामंजी म्हणाले, "मियां, पेट्रोल तरी आहे का बघा." चाचानं टाकीचं झाकण काढून बांबूची काडी बुडवली. पेट्रोल होतं. झाकण लावलं, हँडल मारलं, मोटार सुरू. तीन-चार मैलांनी पुन्हा बंद.

मग हे रोजचंच झालं. सकाळी थंड मोटार घोड्यासारखी निघायची आणि गरम झाली की मरायची. काय व्हायचं ते आज मला कळतं. टाकीतून पेट्रोल खाली उतरायला वरून तेवढी हवा आत शिरावी लागते. त्यासाठीच ते भोक. हवा शिरेना, म्हणून पेट्रोल उतरेना. आणि दर वेळी काडी बुडवायला झाकण उघडलं की हवा आत जायची आणि मोटार उठायची. पण झाकणाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांचं लक्ष आपापल्या औषधाकडं. चाचा म्हणायचा, पाण्यानं उठली. आत्याबाईंनी पुढं लिंबू-मिरची बांधली होती. त्या म्हणायच्या, लिंबानं उठली. एकदा राजूरच्या अलीकडं एक मेंढरंवाला धनगर थांबला आणि त्यानं मोटारीभोवती एक फेरी मारली.

"पाणी पाजलं का?"

"पाजलं," चाचा म्हणाला.

"मंग छातीत दम कोंडला आसंल. लई वढवून राह्यले तुम्ही तिला. दोन दिस बसवा."

त्या सगळ्यांत खरं सांगायचं तर धनगराचं निदान सगळ्यांत जवळचं होतं. मोटारीचा श्वास अडकतोय एवढं तरी त्याला जाणवलं होतं.

शेवटी मोटार जालन्याच्या स्टेशनाकडच्या एका मिस्त्रीकडं गेली. गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे विजेची कॉईल तापते, असं तो म्हणाला आणि कॉईल बदलली. मोटार बंद पडली. मग पेट्रोल नळीतच उकळतं म्हणाला आणि नळीला दोरी गुंडाळली. मोटार बंद पडली. मग त्यानं कार्बोरेटर खोलून तीनदा धुतला. मजा अशी, की त्याच्या दुकानापुढं मोटार तास-तास चालायची. कारण तो काम करताना टाकीचं झाकण काढून बाकावर ठेवायचा, त्यावर विडी विझवायचा आणि निघताना परत लावायचा! मिस्त्री हरला. पण हरलो असं कोण म्हणतो? तो आमच्या बैठकीत येऊन म्हणाला,

"मालक, गाडीत बिलकुल खराबी न्हाई. माल खराब आहे. पेट्रोलात घासलेट पडून राह्यलंय."

मी आतल्या दारामागं उभी होते. चाचा उंबऱ्याशी उभा होता, सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं वळल्या. पेट्रोल आणायचा चाचा. कुपनं चाचाकडं. टाकीत ओतायचा चाचा. पेट्रोल विकून खाली घासलेट भरायची चाल तेव्हा सगळ्यांना ठाऊक होती.

चाचा म्हणाला, "मालक, पंचवीस बरस झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी पानाचा डबा चाचापुढं सरकवला नाही. रोज मोटार काढायच्या आधी मामंजी आपल्या डब्यातून एक पान लावून चाचाला द्यायचे. दमणीच्या वेळेपासून ती रीत होती. त्या दिवशी चाचा पायरीशी उभा राहिला, जरा थांबला, आणि मोटार पुसायला निघून गेला. पुसून झालेली मोटार तो पुन्हा पुसत होता.

पुढच्या दिवसांत चाचाची दाढी रंगायची राहिली. मुळाशी पांढरी दिसू लागली. आणि मी? मी आत्याबाईंना म्हणत होते, "मला तर आधीच वाटलं व्हतं, पेट्रोलचा वास कसा कमी झाला!" म्हणजे घासलेटच्या बाजूनं साक्ष मीच देत होते. आज तो प्रसंग आठवला की त्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. पण ती पाठ माझीच आहे.

बुधवारी जेवण झाल्यावर मामंजींनी चाचाला बोलावलं. "उद्या भोकरदनला जायचं. टाकी माझ्यासमोर भरायची, मी सांगंल त्या दुकानातून. मधी मोटार थांबली न्हाई तर घासलेट खरं. थांबली तर..." इथं ते जरा अडखळले, कारण थांबली तर चाचा निर्दोष ठरत होता, आणि मिस्त्री शेजारीच बसला होता. मिस्त्रीनं चटकन भर घातली, "थांबली तर चालवणाऱ्याचा हात खराब, मालक. क्लच-गिअर बराबर टाकत नसंल. वय झालं." म्हणजे काहीही झालं तरी चाचा गेला. मामंजी म्हणाले, "बराबर. मंग मियां, उद्या किल्ली बैठकीत ठेवायची."

चाचा फक्त "जी" म्हणाला.

गुरुवारी निघालो. मला माहेरी सोडायचं होतं, ते भोकरदनच्या जवळच. टाकी काठोकाठ भरलेली. आज कळतं, टाकी जितकी भरलेली तितकी आत हवा थोडी, तितका गळा लवकर आवळायचा. मोटार तीन मैलसुद्धा गेली नाही. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता, त्यावर उर्दू आकडा कोरलेला. बरोबर त्याच्यापाशी ती खोकली आणि थांबली.

मामंजी उतरून बाभळीखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले. चाचानं इंजिन उघडलंच नाही. किल्ली काढली, रुमालानं पुसली आणि बॉनेटवर ठेवली. मग सवयीनं काडी घेतली. अखेरचं पेट्रोल बघायला असेल.

एरवी आम्ही बायका उतरून लांब जात असू. त्या दिवशी आत्याबाईंच्या पायाला ठेच लागली होती, म्हणून आम्ही आतच होतो. चाचानं झाकण फिरवलं. आणि काचेच्या पलीकडून, माझ्यापासून चार हातांवर, मोटारीनं श्वास ओढला.

सूंऽऽऽ.

मला दिवाळी दिसली. चूल दिसली, आईच्या हातातलं उलथनं दिसलं, बरणी दिसली. मग उरलेल्या लुकणाची वाटी दिसली. आणि मग पायरीशी उभा राहिलेला चाचा. आई गं!

"आत्याबाई," मी म्हणाले, "आत्याबाई, ते झाकण..."

माझा चेहरा बघून आत्याबाई दचकल्या. "उलटी आली? उतर! जल्दी उतर!" असं म्हणत त्यांनी मला मोटारीच्या बाहेर ढकललंच. फेट्याची आठवण ताजी होती ना.

आता मी रस्त्यात उभी. आमच्याकडं सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसे. परक्या पुरुषाशी तर नाहीच. काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगायचं, गायीला सांगायचं, म्हणजे जवळ असणाऱ्याला ऐकू जातं आणि मर्यादाही राहते. इथं भिंत नव्हती, गाय नव्हती. मैलाचा दगड होता. मी पदर नाकापर्यंत ओढला, दगडापुढं जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले,

"अहो दगडदादा, चाचांनी पेट्रोलात काई घातलं न्हाई हो. त्यांचा हातबी चांगला आहे. टाकीच्या झाकणाला भोक होतं, ते मी बुजवलं. वास येत होता म्हणून. उडदाच्या पिठानं अन् चुन्यानं. आतून. मोटारीला श्वास घेता येत न्हाई हो, दगडदादा."

एवढं बोलून मला रडू फुटलं. दगडापुढं पदर घेऊन रडणारी बाई बघून एक बैलगाडीवाला गाडी हळू करून हात जोडून गेला. कुठला देव आहे असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

चाचा हातातलं झाकण उलटं करून बघत होता. नखानं खरवडलं. निघेना. किल्लीच्या टोकानं टोकरलं. निघेना. मग त्यानं पान्याचा एक ठोका घातला, तेव्हा कुठं खपली उडाली. झाकण त्यानं आभाळाकडं धरलं. भोकातून उजेडाचा ठिपका त्याच्या नाकावर पडला. त्यानं झाकण लावलं, हँडल मारलं. आम्ही बसलो.

तीन मैल गेले. पाच गेले. आत्याबाईंनी माझा दंड धरला होता, तो चिमटा होता की माया होती, मला कळेना. राजूर मागं पडलं. इंजिन तापून लालबुंद झालं असेल, पण मोटार खोकली नाही. मध्येच मामंजी म्हणाले, "थांबवा." चाचानं थांबवली. शेजारी आणखी एक मैलाचा दगड होता, योगायोगानं नव्हे, मामंजींनी बघूनच थांबवली होती. मामंजी उतरले. चांगले सहा फूट उंच माणूस, त्या गुडघाभर दगडापुढं जाऊन उभे राहिले, खाकरले.

"दगडा," ते म्हणाले, "मियांला सांग, चूक आमची झाली. मिस्त्रीचं ऐकलं अन् पंचवीस वर्साच्या माणसाचं न्हाई ऐकलं."

चाचा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. मग तोही तोंड न वळवता म्हणाला, "ए पत्थर, मालकांना सांग, पान द्या म्हणावं. आठ दिवस झाले, तोंड कडू पडून राह्यलंय."

मामंजींनी तिथंच, दगडावर डबा टेकवून, पान लावलं. काताचा हात जरा जास्तच पडला. चाचानं ते गालात धरलं आणि मोटार अशी हाकली, की आत्याबाई सारख्या "हळू, हळू" म्हणत होत्या.

मला माहेरच्या दारात उतरवलं. मामंजी आणि आत्याबाई माझ्या वडिलांशी बोलत ओसरीवर बसले. मी उंबऱ्याशी घुटमळत होते. माझी ट्रंक चाचानं आणून ठेवली. मी खाली मान घालून, या वेळी दगड न शोधता, सरळ त्यालाच म्हणाले, "चाचा, माफ करा. माझ्यामुळं तुमच्यावर आळ आला."

चाचानं दाढीवरून हात फिरवला. खिशातून ती खपली काढली, मी चिकटवलेली, चिंधीसकट. दोन बोटांत धरून दाताखाली चावून बघितली. मोडेना. मग म्हणाला,

"बेटी, माफी राहू दे. पावसाळा तोंडावर आला, अन् माझ्या घराचं वरचं मातीचं धाबं दोन बरस गळून राह्यलंय. गवंडी झाले, मिस्त्री झाले, सगळे हरले. परत येशील तेव्हा हे एक घमेलं कालवून दे. पेट्रोलला हललं न्हाई ते पाण्याला काय हलतंय!"